साडेनऊ गुणांचा जपानी म्हातारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मला तुमची तोंडं बघवणार नाहीत. चहा टाकलाय ना? असू द्या उकळत, किस्सा लांबचा आहे. माणसाच्या हातून चुका होतात, मान्य. पण एका सकाळी शंभर माणसांना रडवायचं, न मेलेल्या माणसासाठी परदेशी पाहुण्यांना सूत्रपठणाला बसवायचं, आणि घरी परत येऊ घातलेली बायको अर्ध्या वाटेवरून माहेरी पिटाळायची, हे सगळं एकट्याने तीन तासांत करून दाखवणारा गडी नागपुरात मीच असेन.

मी तेव्हा गिरणीत होतो. कापड तपासायच्या खात्यात. काम एकच. उजेडापुढून थान सरकत जायचं आणि मी त्यातली खोट शोधायची. इथे धागा तुटलाय, इथे तेलाचा डाग, इथे वीण सैल. नऊ वर्षं हेच केलं. ज्याला पगारच खोट काढण्याचा मिळतो, त्याला घरी आल्यावर दुसरं काय सुचणार, तुम्हीच सांगा!

तर माझी एक वही होती. लाल पुठ्ठ्याची. पाहिलेला प्रत्येक सिनेमा तीत लिहायचा आणि दहापैकी गुण द्यायचे. हिरो-हिरॉईन शेवटी भेटले की दोन कापायचे. पावसात गाणं झालं की अर्धा. हरवलेला भाऊ गळ्यातल्या ताइतावरून ओळखू आला की सरळ तीन. माझा जीव रमायचा तो वाईट शेवटात. पडद्यावर कोणीतरी एकटं उरलं, दिवा विझला, की मला बरं वाटायचं. जगाचं कापड असंच विणलेलं आहे, असं माझं मत होतं. तरीही कुठलाच सिनेमा आठच्या वर गेला नव्हता. आणि दहा? दहा मी कोणालाच दिले नाहीत. त्याचा मला अभिमान होता हो!

वस्तीत लोक तिकीट काढायच्या आधी मला विचारायचे, "भाऊ, किती देले?" मी "साडेतीन" म्हणालो की चार घरांचा बेत रद्द. थिएटरवाल्याने मला शोधून मारलं कसं नाही, याचंच नवल.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगत नसे. मला खरी आवड होती ती कार्टूनची. रविवारी सकाळच्या खेळाला मुख्य सिनेमाच्या आधी दहा मिनिटं चित्रांचा सिनेमा दाखवायचे, त्या दहा मिनिटांसाठी मी जायचो. आजूबाजूला सगळी चिल्लीपिल्ली आणि मधे हा मिशीवाला. का आवडायचं? अहो, नट रडतो तेव्हा तो त्याचा धंदा असतो. चित्रातलं माणूस रडतं तेव्हा कोणीतरी टेबलाशी बसून तो एकेक अश्रू हाताने काढलेला असतो. एवढी मेहनत दुसऱ्याच्या दुःखासाठी कोण घेतं? मला तिथे भरून यायचं.

आता बायकोचं सांगतो. मंदा. कुहीची. तिच्या माहेरी धानाची शेती. त्या वर्षी धम्मचक्र दिनाला वस्तीतल्या बायकांनी विहारात गाण्यांचा कार्यक्रम केला आणि मंदा जन्मात पहिल्यांदा माइकपुढे उभी राहून एकटी गायली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन म्हाताऱ्यांनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. घरी आलो. तिने ताट वाढलं आणि खाली बघतच विचारलं, "कसं झालं माह्यं गाणं?"

मी म्हणालो, "साडेचार."

"साडेचार काय?"

"दहापैकी. दुसऱ्या कडव्यात आवाज फाटला."

तिने वरण वाढलं, भात वाढला, झाकपाक केली. सकाळी पाहतो तर पिशवी भरून दारात उभी. "मी कुहीले जाऊन राहिली," एवढंच म्हणाली. मला वाटलं, चार दिवसांनी येईल. दोन महिने झाले, आली नाही. मी स्वतःच्या हातचा भात खाऊन त्याला दीड गुण देत होतो.

डिसेंबरात जपानहून दोन पाहुणे विहारात आले. एक म्हातारे भन्ते आणि त्यांच्यासोबत एक तरुण, त्याला हिंदीचे चाळीस-पन्नास शब्द येत. त्यांनी वस्तीतल्या लेकरांसाठी भेट आणली होती, एक सिनेमा. तीन रिळं, पत्र्याच्या तीन गोल डब्यांत. आणि सिनेमा कसला? कार्टून! जपानी कार्टून! मला रात्रभर झोप लागली नाही.

विहाराचं सगळं मेश्राम गुरुजी बघायचे. शाळेतून निवृत्त झालेले, पण आवाज अजून वर्गातलाच. त्यांनी मला बोलावलं.

"ऐक गा. सिनेमा जपानी भाषेत हाय. खाली इंग्रजी अक्षरं बी नाहीत. तुले सिनेमातलं समजते. तू माइकवर बसून लोकायले समजावून सांग."

"हाव गुरुजी!"

"आन् दुसरं ऐक. मंदाले निरोप धाडला हाय. भावासंग येऊन राहिली रविवारी. ती सिनेमा पाहीन, मग इथंच चार माणसांत बसून बोलू आन् तुह्या घरी पाठवू. समजलं? तोंडातून वाकडा शब्द काढशीन तं याद राख."

मी छातीवर हात ठेवून कबूल केलं. वाकडा शब्द? मी? अहो, मी त्या आठवड्यात घर सारवून घेतलं होतं. तिच्या आवडीची बोरं आणून ठेवली होती. मला ती परत हवी होती, हे माझं तिला सोडून सगळ्यांना सांगून झालं होतं.

रविवार उजाडला. विहाराच्या खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला. गांधीबागेतून बब्बूभाई आपलं प्रोजेक्टर घेऊन आले. लग्नामुंजीपासून प्रचारापर्यंत सगळीकडे त्यांचंच मशीन चालायचं. पाहुणे मात्र दर्शनाला म्हणून दुसऱ्या विहारात गेले होते, बाराला परतणार होते. जाताना त्या तरुणाने तिन्ही डबे टेबलावर ओळीने मांडून ठेवले होते.

बब्बूभाईंनी डावीकडचा डबा उचलला. मी त्यांचा हात धरला.

"थांबा! काय करता?"

"पहला रील लगा रहा हूं, भाई. लेफ्ट से."

"बब्बूभाई, हे जपानी हायेत. जपानी माणूस उजवीकडून वाचते. पुस्तक मागून उघडते. तुमाले मालूम नाही का? उजवीकडचा डबा पहिला."

"लेकिन भाई, वो लडका लेफ्ट..."

"सिनेमा मी पाह्यतो का तुमी?"

बब्बूभाई म्हणाले, "मर्जी तुम्हारी." आयुष्यात मी दोनच वेळा हे शब्द ऐकून फसलो. दुसऱ्या वेळचं नंतर कधीतरी.

हॉल भरला. पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. मंदा आली की नाही, ते दिसायच्या आत दिवे गेले. मी माइक हातात घेतला आणि पडद्यावर रंग उतरले.

काय ते रंग! एक म्हातारा कंदील घेऊन डोंगरात कोणाला तरी शोधत होता. झाडाखाली एक छोटी मुलगी सापडली. त्याने तिला पाठीवर घेतलं, घरी आणलं. मग वसंत आला, गुलाबी फुलं पडायला लागली, शेजारीपाजारी जमले, मोठी पंगत बसली. मी माइकवर सांगत होतो, "हा बाप. ही लेक. सुखाचे दिवस हायेत. पण लोकहो, सुखावर भरवसा ठेवू नका!" मला मनातून काळजी वाटत होती की सुरुवातच इतकी गोड, आता याला पाचच्या वर कसा न्यायचा? इतक्यात पडद्यावर एकच मोठं जपानी अक्षर आलं आणि अंधार झाला.

"मध्यंतर!" मी जाहीर केलं.

लोक बाहेर गेले. चहा प्याले. लेकरं मोकळी होऊन आली. मध्यंतर इतक्या लवकर कसं, असं कोणी विचारलं नाही. भाऊ माइकवर बसलाय, भाऊला समजतं.

दुसरं रीळ लागलं. बाहेर बर्फाचं वादळ, आणि तीच मुलगी बर्फाने माखून दारात उभी. म्हातारा तिच्याकडे अनोळखी नजरेने बघतोय. मी जरा गोंधळलो, पण थांबलो नाही. "पोरगी रुसून गेली होती. आता परत आली, पण बापाचं मन कडू झालं. वळख दाखवून नाही राहिला." तो तिला जेवायला देतो. तिच्या हातून निळी वाटी पडते, फुटते. म्हातारा खेकसतो. ती पळून जाते. बायकांच्या बाजूने पहिला हुंदका आला. माझे गुण चढत होते. सहा, सात, साडेसात!

तिसरं रीळ. सुरुवातीलाच नावांची रांग. मी सांगितलं, "जपानात कष्ट करणाऱ्यांचं नाव शेवटी घेतात. मोठ्या मनाची माणसं." मग बर्फ. बर्फच बर्फ. आणि तो म्हातारा एकटा घरात बसलेला. फळीवरून त्याने निळी वाटी काढली, त्यात काहीतरी वाढून घेतलं आणि खात बसला.

अंधारात बायकांमधून कोणीतरी बोललं, "वाटी तं फुटली होती ना आत्ता? मग साबूत कशी?"

माझ्या समाधीत कोणी दगड टाकल्यासारखं झालं. ऐन रंगात आलो असताना वाटी? मी माइकमधूनच म्हणालो, "ज्याले समजत नाही त्याने मधात तोंड घालू नये. गप बसून पाहावं!"

पुरुष हसले. तो आवाज पुन्हा आला नाही.

म्हाताऱ्याने दिवा बारीक केला. बाहेर वारा. आणि दारावर टकटक झाली. म्हाताऱ्याने मान वर केली, उठला, दाराकडे गेला, कडीला हात लावला, आणि रीळ फटकन संपलं. पांढरा पडदा.

सुचलं तेव्हा मला काय सुचलं, सांगू? मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "दारात कोण होतं? लेक? नाही लोकहो. गेलेलं माणूस परत येत नाही. दार वाजलं तरी उघडायला धावू नका. ते मरण असते."

अख्खा हॉल ढसढसा रडला. मेश्राम गुरुजींनी चष्मा काढला. मी स्वतः रडलो. पाण्यातून बघत बघत वहीत लिहिलं: साडेनऊ. अर्धा कापला, कारण मध्यंतर लवकर दिलं.

दिवे लागतात न लागतात तोच पाहुणे आले. शंभर माणसं डोळे पुसताहेत, बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्यात. म्हातारे भन्ते दारातच थबकले. त्यांना वाटलं, वस्तीत कोणी गेलं. ते सरळ पुढे आले, मांडी घातली, डोळे मिटले आणि गंभीर आवाजात सूत्र म्हणायला लागले. लोकांना वाटलं, सिनेमातल्या म्हाताऱ्यासाठी म्हणताहेत. सगळे हात जोडून उभे राहिले. मी सगळ्यात पुढे! दहा मिनिटं हे चाललं हो!

संपल्यावर तरुणाने गुरुजींना हळूच विचारलं, "कौन मरा?"

"बुढ्ढा," गुरुजी नाक पुसत म्हणाले.

"कौन बुढ्ढा?"

"आपका. सिनेमावाला."

तरुणाने मान हलवली. "वो नहीं मरा. वो खुश. पहले अकेला. फिर दरवाजा, टकटक, बच्ची आई. बच्ची भागी, वो ढूंढा. लास्ट में सब लोग साथ में खाना. बहुत खुश." मग टेबलावरच्या रिकाम्या डब्यांकडे बघून तो म्हणाला, "जापान में राइट से. लेकिन आप लोग के लिए मैं लेफ्ट से रखा."

बब्बूभाई वायर गुंडाळत होते. "मैंने बोला था," ते म्हणाले.

कापडाला उलट-सुलट असते, हे गिरणीतलं पहिल्या दिवसाचं पोरही सांगतं. मी अख्खं थान उलटं धरून पास केलं होतं, आणि वर साडेनऊचा शिक्का मारला होता. ज्या टकटकीला मी मरण म्हणालो, ती ती मुलगी होती. पहिल्यांदा येत होती बिचारी.

मी मंदाला शोधायला वळलो. गुरुजी वाटेत उभे होते.

"कोणाले पाहून राहिला? ती गेली. भावासंग, कुहीच्या बसनं. अबे, तिच्यासमोर माइकमधून सांगते का, गेलेलं माणूस परत येत नाही म्हणून? दार उघडू नका म्हणून? तुले मी काय सांगितलं होतं?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी कुहीला गेलो. अंगणात धानाची मळणी चालू होती. मंदाच्या भावाने मला पाणी दिलं आणि तो उठून गेला. मंदा सूप घेऊन पाखडत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. डबे, उजवीकडून, डावीकडून, टकटक, सगळं. "तुले बोललो नव्हतो वं मी. सिनेमाच उलटा लागला होता."

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"काय मालूम हाय?"

"उलटा लागला होता ते. वाटी फुटली होती, मग साबूत कशी? तवाच समजलं मले. म्हणून तं मी इचारलं."

तुम्हाला आधीच कळलं असेल. मला तिथे कळलं. नऊ वर्षं खोट शोधणाऱ्या माणसाला जी खोट दिसली नाही, ती तिने एका वाटीवरून पकडली होती, आणि मी तिला भर सभेत गप बसवलं होतं.

"त्या सिनेमाच्यानं नाही गेली मी," सूप खाली ठेवत ती म्हणाली. "अंधारात बोलली तं तुमाले माह्या आवाज वळखू नाही आला. गाण्यात फाटला तेवढा बराबर ऐकू येते तुमाले."

मी वही काढली. येताना पिशवीत आणली होती, का ते मलाच माहीत नाही. म्हणालो, "तू दे मले मार्क. जे असतीन ते."

तिने वही हातातही घेतली नाही. "मार्क शेवट पाहून देतात ना? तुमची सुरुवात कोणती आन् शेवट कोणता, तेच तुमाले समजत नाही. काय देऊ?"

धान घरात आल्यावर, जानेवारीत, ती परत आली. बोरं केव्हाच सुकून गेली होती. पाहुण्यांनी जायच्या आधी सिनेमा सरळ लावून दाखवला म्हणे. लोक खूप हसले. मी गेलो नाही. मला तो सहन झाला नसता.

संसार पुन्हा नीट लागला. पण मंदा माझ्यासमोर गायली नाही. मी ड्यूटीवर असलो की गायची, शेजारणी सांगायच्या. सुटीचा भोंगा झाला की गाणं बंद. भोंगा अख्ख्या वस्तीला ऐकू जायचा, तसा तिलाही. मी वही माळ्यावर टाकून दिली, सिनेमाला जाणंही कमी झालं. लोकांनी विचारलं, "भाऊ, किती देले?" तर मी म्हणायचो, "बरा आहे, पाहून घ्या." दोन-तीन वर्षं अशी गेली.

मग एक दिवस मशीन बिघडलं आणि मला भोंग्याच्या आधी सोडलं. घराजवळ आलो तर आतून गाणं. तेच, धम्मचक्र दिनाचं. मी नळापाशी भिंतीला टेकून उभा राहिलो. पहिलं कडवं झालं. दुसरं आलं आणि आवाज फाटला. तिथेच, त्याच जागी. आणि मला कळलं की ते गाणं तिथे फाटायलाच पाहिजे होतं. न फाटता ते म्हणणारा माणूस ते गाणं म्हणतच नसणार. मी मिशीवाला माणूस, नळापाशी रडत उभा. बादली घेऊन आलेली शेजारीण माघारी फिरली.

गाणं थांबलं.

"या आत," मंदा आतून म्हणाली. "चप्पल वाजली. वळखली मी."

मी आत गेलो. ती कणीक मळत होती. वर न बघता तिने विचारलं, "मंग? आज किती?"

"दहा," मी म्हणालो.

तिने हात थांबवले. माझ्याकडे नीट पाहिलं, गिरणीत मी थानाकडे बघायचो तसं, उजेडात धरून. आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

"खोटं बोलू नका," ती म्हणाली. "तुमी दहा कोणालेच देत नाही."